लाल रीळ

माझ्या सुनेची चूक जगात सगळ्यात आधी मी पाहिली, आणि तिने ती अख्ख्या जगाला सांगून टाकली. त्यावरून टायवाल्या साहेबाने आमची टिंगल केली. म्हणून बोलायला बसलेय, नाहीतर मला कशाला असल्या भानगडी!

मी चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. सून कॅमेऱ्याचे ड्रायव्हर लिहिते. संगणकाला कॅमेरा जोडला की चित्र आपोआप दिसतं असं आपल्याला वाटतं. आपोआप कसलं डोंबलाचं! कॅमेऱ्यातल्या चिपने कधी जागं व्हायचं, उजेड किती वेळ घ्यायचा, कोणत्या ओळीपासून चित्र पाठवायचं, हे कुणीतरी मान मोडून लिहून ठेवावं लागतं. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. आणि सून ज्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिते, तिचा गाभा, म्हणजे कर्नल, सगळ्यांना खुला असतो. कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा, कुणीही फुकट वापरावा.

आधी ती डोळे तपासायची मशिनं बनवणाऱ्या एका कंपनीत होती. त्यातलंच एक जुनं मशिन आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्यात आहे. मला साखर आहे, त्यामुळे दर सहा महिन्यांनी त्यावर हनुवटी टेकवून डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढून घ्यावा लागतो. मध्यंतरी दवाखान्याच्या संगणकावर जुनी काढून हीच खुली सिस्टिम घातली आणि मशिनमधला कॅमेरा त्याला दिसेनासा झाला. टायवाले साहेब, म्हणजे सुनेचे वरिष्ठ, म्हणाले, "जुनं मॉडेल आम्ही बंद केलंय. नवीन घ्या." सून म्हणाली, "साहेब, कॅमेरा ठणठणीत आहे. फक्त ड्रायव्हर नवा हवा. मी लिहिते, कर्नलमध्ये घालू, म्हणजे कधीच अडणार नाही." साहेब म्हणाले, "मग नवीन मशिन कोण घेणार?"

तिने राजीनामा दिला. घरी आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "आई, आजपासून मी घरीच."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चांगली नोकरी अशी लाथाडतात का? दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिने आपलं टेबल ओढत आणून माझ्या शिलाई मशिनशेजारी लावलं, कारण घरातला चांगला उजेड त्याच खिडकीत येतो. दवाखान्यातून कॅमेऱ्याचा तेवढा भाग सोडवून आणला होता. मी तोंड फिरवून बसले, पण कान उघडे होते.

कंपनीचा एक कागदसुद्धा तिने वापरला नाही. चिप बनवणाऱ्यांनी सगळ्यांसाठी छापलेली पुस्तिका तेवढी घेतली आणि बाकी स्वतः मोजलं. यांच्यात पद्धत अशी, की लिहिलेलं सगळं चव्हाट्यावर मेलने पाठवायचं. कुणीही वाचतो, कुणीही चुका काढतो. खाली स्वतःचं खरं नाव घालायचं, म्हणजे मी लिहिलंय, मी जबाबदार. कॅमेऱ्याच्या भागाची राखण करणारा एक गृहस्थ दूर कुठल्यातरी देशात बसतो. तो हो म्हणाला तरच कर्नलमध्ये जागा. त्याला मी परीक्षक म्हणते. त्याने पाच वेळा परत पाठवलं. एकदा विचारलं, "इथे चिपसाठी वीस मिलिसेकंद थांबायचं असं लिहिलंय. मोजलं की अंदाज?" अंदाजच होता. सुनेचा चेहरा उतरला. मला मात्र माणूस आवडला. मीसुद्धा हाताखालच्या मुलींचे सदरे उलटे करून आतली शिवण बघायची.

टायवाले साहेबही तिथे उगवलेच. सगळ्यांसमोर लिहिलं, "या बाई आमच्याकडे फक्त चाचणी विभागात होत्या. त्यांना या चिपमधलं कळत नाही. हे घेऊ नये." सुनेने सहावी आवृत्ती पाठवली.

सहावी पास झाली! परीक्षकाने कळवलं, सोमवारी घेतो. घरात मुलाने उडी मारली. दवाखान्यात कर्नलमध्ये घेतलेलाच ड्रायव्हर चालतो. सोमवार हुकला असता तर पुढची फेरी नऊ आठवड्यांनी होती, आणि इकडे दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना वरून निरोप आला होता, की महिनाअखेर मशिन चाललं नाही तर भंगारात. मग माझ्यासारख्यांनी तीन तासांची बस पकडून दुसरीकडे जायचं. जे जाऊ शकत नाहीत त्यांनी आंधळं व्हायचं, दुसरं काय!

शनिवारी दुपारी मी रिळं लावत होते. सुनेच्या टेबलावर कॅमेरा चालू होता आणि समोर चित्र तपासायचा तिचा काळ्या-पांढऱ्या रेघांचा कागद. मी पसारा आवरताना तीन रिळं त्या कागदापुढे ठेवली. पडद्यावर पाहिलं आणि थबकले.

"अगं, हे लाल रीळ निळं कसं दिसतंय?"

"उजेडाने असेल, आई."

"उजेडाने कसं? आणि निळं लाल झालंय बघ. हिरवं तेवढं हिरवं."

ती खुर्चीतून ताडकन उठली. रिळं हलवून पाहिली. मग म्हणाली, "चुकलं माझं, आई."

मला तिने नंतर समजावलं ते असं. कॅमेऱ्याच्या चिपवरचा प्रत्येक ठिपका एकच रंग बघतो. लाल, हिरवा, निळा, असे ते ठरावीक क्रमाने बसवलेले असतात. आमच्या मशिनमध्ये चिप उलटी बसवलीय, म्हणून चित्र फिरवून पाठवायची सोय तिने सहाव्या आवृत्तीत घातली. पण चित्र फिरलं की रंगांचा क्रमही फिरतो, लालच्या जागी निळा येतो, आणि ते ड्रायव्हरने वरच्या सॉफ्टवेअरला सांगायला हवं. तेच राहून गेलं. काळ्या-पांढऱ्या कागदावर ते दिसणार कसं? चित्र रेखीव आहे ना, एवढंच ती बघत बसली.

मुलगा म्हणाला, "गप्प बस. सोमवारी आत जाऊ दे, मग दुरुस्ती पाठव."

आणि खरं सांगते, मीही तेच म्हणाले. "कुणाला कळणार आहे? तो साहेब टपून बसलाय. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेशील."

तिने माझ्याकडे पाहिलं. "आई, तुमच्या डोळ्यातल्या रक्ताचा फोटो निघणार आहे त्यातून."

लाज वाटली मला.

तिने सगळ्यांसमोर लिहिलं, "सहावी आवृत्ती घेऊ नका. रंग चुकतात. चूक माझी आहे." तासाभरात साहेबांचं उत्तर हजर, "म्हणालो नव्हतो?"

रविवारी आम्ही दोघी दिवसभर बसलो. माझ्याकडची एकूण एक रिळं कॅमेऱ्यापुढे ठेवली, चित्र सरळ ठेवून आणि फिरवून. ती लिहायची, मी रंग सांगायची. संध्याकाळी सातवी आवृत्ती तयार झाली. तिच्या नावाच्या वर तिने आणखी एक ओळ घातली होती. चूक दाखवणारी व्यक्ती, आणि पुढे माझं नाव. आडनावासकट.

"काढ ते," मी म्हणाले. "हसतील लोक."

"पद्धतच आहे आई. ज्याने चूक दाखवली त्याचं नाव लागतं. शिवणकाम करणाऱ्या माझ्या सासूबाईंना लाल रीळ निळं दिसलं, असं वर लिहिलंयसुद्धा."

हसला एकच. साहेब! "आता सासूबाईंची नावंही घालणार का? त्यांची पात्रता काय?"

मी चष्मा चढवला. "लिही," म्हटलं. "मी सांगते तसंच लिही, एक शब्द बदलू नकोस. चाळीस वर्षं गणवेश शिवले. चुकीच्या रंगाचा दोरा लागला म्हणून एकही परत आला नाही. तुम्ही याच कॅमेऱ्याची मशिनं इतकी वर्षं विकलीत. एक लाल रीळ आणा, कॅमेऱ्यापुढे ठेवा आणि माझ्या सुनेचं काय चुकलंय ते दाखवा. नसेल जमत तर गप्प बसा."

सूनबाईने शेवटच्या वाक्याला डोळे मोठे केले, पण पाठवलं.

सोमवारी परीक्षकाचं उत्तर आलं. साहेबांचं नावही नाही त्यात. फक्त एवढंच: "घेतलं. दोन्ही नावं राहतील."

त्याच आठवड्यात तिने दवाखान्यातलं मशिन चालू करून दिलं. पहिली हनुवटी मी टेकवली. डॉक्टरीणबाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या डोळ्यातल्या शिरा लालभडक होत्या.

चाळीस वर्षांत किती हजार सदरे शिवले, मोजदाद नाही. प्रत्येकाच्या कॉलरवर दुकानाची पट्टी, माझं नाव कुठेच नव्हतं. आता एका ठिकाणी आहे, सुनेच्या नावाच्या बरोबर वर. आणि मी तिला मुद्दाम विचारून घेतलंय. एकदा आत गेलेली ओळ कंपनीचा मालक आला तरी त्याला उसवता येत नाही.