कल्याणच्या काचेवरच्या टिकल्या

आमच्या तिसगावात गाड्या चालवणारे पुष्कळ, पण दवाखान्याचा पेशंट न्यायचा असला की लोक कल्याणचीच जीप सांगतात. कारण एकच, कल्याण भित्रा आहे. हे मी त्याच्या तोंडावर म्हणतो, तेव्हा लिहायला हरकत नाही. कुत्रं रस्त्यात आलं तर ते पलीकडच्या वस्तीवर पोचेपर्यंत हा थांबतो. त्याची बायको आरती स्कूटीवरून त्याच्या पुढे निघून जाते, आणि जाताना हॉर्न वाजवते. हे ऐकीव नाही, मी पाहिलंय.

तर गेल्या मे महिन्यात गावातल्या लंकाबाईंचा मोतीबिंदू नगरला काढला. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून काळा चष्मा दिला आणि त्यांना घरी आणायला अर्थात कल्याण गेला. मीही नगरात होतो. कशाला गेलो होतो ते विचारू नका. फुकट जागा मिळतेय म्हटल्यावर चढलो. धक्के कमी बसावेत म्हणून लंकाबाई पुढे, मागे त्यांची सून पंकजा आणि मी.

निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "डोळ्यात धूळ जाऊ द्यायची नाही. रडायचं नाही. आणि डोळ्यापुढे काळे ठिपके दिसून वाढायला लागले, तर तसंच परत फिरायचं. उशीर झाला तर डोळा हातचा जाईल."

लंकाबाईंनी मान डोलावली. घाम मात्र कल्याणला फुटला.

मेहेकरीच्या अलीकडे खडीचा डंपर पुढे गेला आणि टण् झालं. कल्याणच्या समोरच्या काचेवर ज्वारीच्या दाण्याएवढी चांदणी उमटली.

"काय वाजलं रं?" लंकाबाई दचकल्या.

"काय न्हाई मावशी, खडा लागला बंपरला."

त्याने गाडी बाजूला घेतली, उतरला, चांदणीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून पुटपुटला, "नाना, दृष्ट लागली. सकाळीच एक जण म्हनला, गाडी लई चकाचक ठेवली म्हनून." आमच्याकडे दृष्टीवर इलाज ठरलेला. ओवाळायचं आणि वरून पाणी सोडायचं. टपरीवरून फ्रीजमधली बाटली आणली, गाडीपुढून तीनदा फिरवली आणि ते बर्फासारखं पाणी उन्हात तव्यागत तापलेल्या काचेवर ओतलं. झालं! कर्रकन आवाज आला आणि चांदणीतून वीतभर तडा धावत सुटला. धावला तोही नेमका लंकाबाईंच्या बाजूला.

कल्याण रिकामी बाटली हातात धरून तसाच उभा. पंकजाने खिडकीतून विचारलं, "भाऊजी, दुसरी गाडी बोलवायची का?"

"कुठं उभं करता मावशीला, वहिनी? धुळीचं वारं बगा की. अन् यष्टीत धक्के." मग आवाज खाली आणून, "काच अंगावर आली तर कुसळं डोळ्यात जात्याल. पन त्यांना सांगू नका. त्या रडल्या तर तसंच नुकसान."

दार त्याने तान्हं बाळ निजवावं तसं दाबून लावलं. काचेवर वारं नको म्हणून पंखा बंद. घामाने आम्ही निथळत होतो.

पंकजाने तेवढ्यात पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. पुढे वाकून तड्याच्या टोकावर एक मरून टिकली चिकटवली. "आता कळंल वाढतोय का न्हाई ते," ती माझ्या कानात पुटपुटली. मला पोरीचं कौतुक वाटलं. काळ्या चष्म्याआड लंकाबाईंचे डोळे उघडे की मिटलेले, कळायला मार्ग नव्हता. आम्ही मिटलेलेच धरले.

करंजी घाट लागला. कल्याण असा चालवत होता की एक म्हशीवाला आम्हाला मागे टाकील असं वाटलं. एका खड्ड्यात चाक गेलं, टिकलीच्या पुढे तडा बोटभर सरकला. दुसरी टिकली. वळणावर तिसरी. कल्याणचा देव कोणता ते मला त्या दिवशी कळलं, कारण त्याने कोणालाच सोडलं नाही. लंकाबाई मात्र नुसता पदर मुठीत आवळून बसलेल्या.

दारात पोचलो तेव्हा काचेवर पाच टिकल्या होत्या. लंकाबाईंचा मुलगा आप्पासाहेब धावत आला. शेजारीण भाकरीचा तुकडा नि तांब्या घेऊन उभी. कल्याणने स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"उतर आये," आप्पासाहेब म्हणाला.

लंकाबाई हलल्या नाहीत. "कल्यान, गाडी फिरीव. माघारी नगरला चल."

"आं?"

"घाटाच्या अलीकडनं काळं ठिपकं दिसत्यात. आदी एक हुता, मग दोन... आता पाच झाल्यात. माज्याकडंच येत्यात." त्यांचा आवाज भरून आला. "घाबरशीला म्हनून बोलले न्हाई. डोळा गेला रं माजा!"

"आये, रडू नको! कल्यान, फिरव गाडी!" आप्पासाहेब ओरडला.

कल्याण पांढराफटक पडला. परत तो घाट, ती काच! आणि मग त्याच्या तोंडावर असं काही उजाडलं की काय सांगू. त्याने हळूच हात लांब केला आणि शेवटची टिकली नखाने काढली.

"मावशी, आता किती?"

"...चार."

दुसरी काढली. "आता?"

"तीन. कल्यान, काय करतोस रं?"

"दोन?"

"दोन."

पंकजा पदरात तोंड लपवून हसून गदगदत होती. शेवटची टिकली निघाली तेव्हा लंकाबाईंनी समोर निरखून पाहिलं. "एक बी न्हाई. पन ही रेघ कसली?"

"ती रेघ माजी हाय, मावशी. तुमच्या डोळ्याची न्हाई. उतरा आता."

त्या उतरल्या, ओवाळून घेतलं, उंबऱ्याच्या आत गेल्या. शेजारीण तांब्या घेऊन गाडीकडे वळली तसा कल्याण हात पसरून आडवा झाला. "तुकडा ओवाळा, पन पानी न्हाई!"

तेवढ्यात मागे आप्पासाहेबाने, जीपचं दार जसं सगळेच लावतात तसं, धाडकन आपटलं. तडा एका दमात या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला.

कल्याणने वळून पाहिलं. मग शेजारणीच्या हातातला तांब्या घेतला आणि ओट्यावर बसून सगळं पाणी पिऊन टाकलं.