खेळण्यापुरता गुडघा

"परत फुटबॉल खेळायचाय का?" मुंबईच्या डॉक्टरांनी मला एवढंच विचारलं. भुईगावच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या घट्ट वाळूत खेळताना माझा पाय जागीच राहिला आणि अंग वळलं. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. मी विशीतला, पायाला भिंगरी लागलेला. म्हटलं, हो, खेळायचंय. माणसाला गुडघा आणखी कशाकशाला लागतो हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. गुडघ्याच्या वाटीखालच्या धडधाकट शिरेतली पट्टी कापून त्यांनी तुटलेल्याच्या जागी बसवली. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी पुढे सगळ्यांना हसत सांगायचो. घरी आलो तेव्हा गुडघा वाकतच नव्हता. वाडीतली भाजी काढून झाली की आई जमिनीवर बसायची, माझी टाच तळहातावर घ्यायची आणि पाय हळूहळू मागे रेटायची.

"रड, पण वाकव."

मी तिला नाही नाही ते बोललो. ती रेटत राहिली. पुढच्या वर्षी मी पुन्हा मैदानात उतरलो. खरं ते सांगतो, पळताना त्या गुडघ्याने मला कधीच दगा दिला नाही.

टेकवता मात्र येईना. पट्टी काढली तिथे जमीन लागली की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. रविवारी मिस्सेला सगळं चर्च गुडघ्यांवर आणि मी एकटा बाकावर ताठ. मागून एक बाई कुजबुजल्या, "खेळायला पाय आहेत, देवापुढे नाहीत." मी रागाने गुडघे टेकले आणि घामाने भिजून उठलो. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, होतं असं काहींना, टेकवू नका. एवढंच ऐकायला मी विरारहून गाडी पकडून मुंबईला गेलो होतो!

संध्याकाळची रोझरीची प्रार्थना झाली की लहानांनी मोठ्यांपुढे गुडघे टेकून आशीर्वाद घ्यायचा, ही आमच्या घरची रीत. मी खुर्चीत. मग आईच उठून माझ्यापाशी यायची आणि डोक्यावर हात ठेवायची. मला फार लाज वाटायची.

दहा-बारा वर्षांत गुडघा आतून झिजला. मांडी घालणं गेलं, उकिडवं बसणं गेलं, वाडीतली खुरपणी बायकोच्या गळ्यात पडली. सांधा बदलायचं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, तुमचं वय कमी आहे, थांबा. तरुण म्हणून पहिलं ऑपरेशन केलं आणि तरुण म्हणूनच दुसरं करेनात.

आम्ही थांबलो. आई मात्र म्हातारी होत गेली.

एका संध्याकाळी बायको जवळच्या निर्मळ गावी गेली होती. मागच्या पडवीत धप्पकन आवाज झाला. जाऊन बघतो तर आई ओल्या फरशीवर आडवी आणि तिचा एक पाय भलत्याच बाजूला वळलेला.

"उचल रे पोरा."

उचलायचं तर खाली जायला हवं. गुडघा वाकेना. टेकवला तर अशी कळ आली की मीच तिच्यावर कोसळलो असतो. उभ्यानेच वाकून ओढायला गेलो, तर ती किंचाळली. मी शेजाऱ्यांना हाका मारल्या. गल्लीत लग्न होतं, बँड वाजत होता, कुणाला ऐकू जाणार? कुणाला तरी आणायला निघालो, तर तिने माझा हात सोडला नाही. एवढा मोठा बाप्या माणूस मी, आणि माझ्याने माझी आई उचलवत नव्हती. मला रडू फुटलं.

शेवटी भिंतीला पाठ लावून घसरत खाली बसलो, पाय लांब करून. आता दोघांनाही उठता येत नव्हतं. बायकोची वाट बघायची, बस्स.

चर्चची संध्याकाळची घंटा झाली. आईचे ओठ हलले. तिची प्रार्थना संपेपर्यंत मी थांबलो आणि सवयीने डोकं तिच्या हाताजवळ नेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तिच्यापाशी जमिनीवर होतो.

तिने हात उचलला, चाचपडला, आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"खाली कशाला बसलास? आता दुखेल ना तुला."