फळ्यावरचा खोटा पदार्थ

मुलांनो, नेसरीजवळच्या ज्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला जाते, तिथल्या स्वयंपाकीण मावशींनी परवा काम सोडलं. त्यांच्याविषयी आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर राहून जाईल.

दुपारी जेवण वाढताना त्या पळी फळ्याकडे रोखायच्या. "वाच, मग वाढते." फळ्यावर त्या दिवसाचा पदार्थ मी लिहिलेला असे. मावशींना स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण काय शिजवलंय ते ठाऊक होतं. सातवीतली एक मुलगी रोज रांगेत पहिली उभी राहून चटकन "मसालेभात" किंवा जे असेल ते म्हणायची. माझ्या तासाला मात्र तिला इंग्रजीच काय, मराठीचीही एक ओळ वाचता येत नसे. वाचता येईना तर हायस्कूलला पाठवणार नाही, असं तिच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं.

एकदा मावशी मला म्हणाल्या, "बाई, पोरगी वाचत न्हाय, वास घेतीया. उद्या फळ्यावर खोटं लिवा की. काय लिवलंय तेवढं माझ्या कानात सांगा."

दुसऱ्या दिवशी मसालेभात होता, तरी मी 'पुरणपोळी' लिहिलं आणि मावशींच्या कानात सांगितलं. मुलगी म्हणाली, "मसालेभात."

"न्हाय. पयलं अक्षर सांग."

मागची पोरं कुरकुरली, तशा मावशी त्यांना म्हणाल्या, "गप ऱ्हावा, भात काय पळून जात न्हाय." बऱ्याच वेळानं मुलीनं शब्द जुळवला आणि पातेल्यात डोकावून विचारलं, "मग पोळी कुठं हाय?"

"आदी वाचाय शीक, मग करते," म्हणत मावशींनी तिला दोन पळ्या भात जास्त वाढला.

त्या दिवसापासून मी रोज फळ्यावर खोटंच लिहीत गेले; मुलगी आता हायस्कूलला आठवीत आहे. मावशींच्या जागी दुसरी बाई आली आहे. फळ्यावर अजून रोज न शिजवलेलाच पदार्थ लिहिलेला असतो.