पाच बदाम

कामाच्या निमित्ताने फिरताना मला पोकरची सवय लागली. शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका मशिनरी कंपनीत मी सेल्स बघते. गोव्याला बोटीवरच्या कॅसिनोत, जॉर्जियातल्या तिब्लिसीत हॉटेलच्या तळघरात, जिथे सर्वांत लहान डाव असेल तिथे मी बसायचे. अनोळखी माणसांमध्ये दोन तास गप्प बसता येतं, एवढंच मला हवं असायचं.

दुबईत तसं पैसे लावून खेळता येत नाही. पण एका हॉटेलात शनिवारी दुपारी फुकटचा पोकर चालायचा. सगळ्यांना सारख्याच चिप्स, जिंकणाऱ्याला फक्त पॉइंट्स. मी शारजातल्या अल मजाजच्या घरून ट्रॅफिक सोसत तिथे जायचे.

त्या शनिवारी समोर एक पन्नाशीचा गृहस्थ होता. मी फोनवर मिस्टरांशी बोलताना त्याने ऐकलं असावं. "वसईच्या का ताई?" म्हणाला. "आम्ही बोरिवलीचे." बरं वाटलं. त्या टेबलावर मला कुणी ताई म्हटलं नव्हतं.

तासाभराने आम्ही दोघंच एका मोठ्या डावात उरलो. माझ्याकडे राजांची आणि राण्यांची, अशा दोन जोड्या होत्या. टेबलावर मात्र तीन बदाम उघडे पडलेले. त्याच्या हातात आणखी दोन बदाम असतील, तर मी हरले. त्याने शेवटची बोली लावली, मी तेवढ्याच चिप्स टाकून कॉल केला. आता पत्ते दाखवायचे, तर तो वाकून हळूच म्हणाला, "सॉरी हं ताई. पाचही बदाम आहेत."

मी माझे पत्ते पालथेच डीलरकडे फेकले. ते टाकलेल्या पत्त्यांत मिसळले. मग त्याने स्वतःचे उलटले. नव्व्यांची एक जोडी. बदाम एकही नाही.

"हे काय?" मी ओरडले. "तुम्ही पाच बदाम म्हणालात!"

तो डीलरकडे बघून इंग्रजीत म्हणाला, "मी काहीच बोललो नाही."

डीलर फिलिपिनो पोरगी. तिला मराठी काय कळणार? तिने मॅनेजरला बोलावलं. "मॅडम, पत्ते टाकले की खलास, डाव त्यांचा," तो म्हणाला. "आणि डाव चालू असताना फक्त इंग्रजी. दोघांनाही वॉर्निंग."

दोघांनाही! मी उठून जायला हवं होतं. गेले नाही. त्यानंतर मी जिंकायला खेळलेच नाही, त्याला उठवायला खेळले. तो तोंड उघडायचा की मी मोठ्याने म्हणायचे, "इंग्लिश प्लीज." पाणी मागितलं तरी. बाकीचे आधी हसले, मग वैतागले. मला फिकीर नव्हती. चाळीस मिनिटांनी त्याने चिडून सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. माझ्याकडे दोन एक्के होते.

उठताना तो माझ्या खुर्चीपाशी थांबला. "फुकटचा गेम आहे ताई. इतकं काय मनावर घ्यायचं?"

"ताई म्हणू नका मला."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. निघा."

पुढच्याच डावात मीही बाद झाले. वाईट वाटलं नाही.

घरी पोचून मी मुलीला सगळं सांगितलं. ती इंग्रजीत म्हणाली, "पैसे नव्हते ना ममा? मग एवढी ओरडतेस कशाला?" परक्या कुणी फसवलं असतं तर मी पत्ते फेकलेच नसते, हे तिला कळलं नसतं. मराठीत सॉरी म्हटलं, म्हणून फेकले.

त्या हॉटेलात मी पुन्हा गेले नाही. प्रवासात मात्र अजून खेळते. गेल्या वर्षी तिब्लिसीत शेजारी बसलेली बाई फोनवर आईशी बोलत होती, डब्याबद्दल, औषधांबद्दल, अगदी आमच्याकडच्या मराठीत. फोन ठेवून तिने हसून विचारलं, "यू फ्रॉम इंडिया? महाराष्ट्र?"

"नो," मी म्हटलं, आणि माझे पत्ते तळहाताखाली ओढून घेतले.