भागाला सांगितलेले बोलपट

आम्ही दोघांनी मिळून केलेली शेवटची साधी गोष्ट म्हणजे तंबूतला एक खेळ. दोघांनी पाहिला असं म्हणवत नाही – मी पाहिला, तिनं ऐकला. घरी येताना गाडीत ती काय बोलली आणि मी काय बोललो, हे आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. दोन पोरी आहेत, दिल्या घरी सुखात आहेत, त्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणूनच सांगवतंय बहुतेक.

यंदाही श्रीगोंद्याकडे साखर कारखान्याच्या मागच्या माळावर तंबू लागलाय. लोक सकाळपासून माझ्या ओट्यावर येतात. तात्या, आज कुठला आहे? बघण्यासारखा आहे का? बायकापोरं नेली तर चालतील का? मी मराठी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. पण तंबूवाल्याचं यंत्र, इंजिन, कापडाचे गठ्ठे सगळं माझ्याच बैलगाडीतून एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं, म्हणून आम्हा नवराबायकोला बसायला मुभा होती. एकेक बोलपट मी पाच-पाच, सहा-सहा वेळा पाहिलाय. त्यामुळं विचारतात.

तर सांगतो. हसायचं असेल तर तो न्हावी दिवाण होतो तो बघा. राजाची दाढी करता करता तो राज्य चालवतो. पोट दुखेल. पोरांसाठी तो तलवारीचा, ज्यात घोडा नदीवरून उडी मारतो. पुढं बसू नका, मान अवघडते, आणि तान्ही पोरं नेऊ नका, तोफेच्या आवाजाला दचकतात. आणि तिसरा – आंधळ्या कुंभारणीचा. तो सगळ्यांत चांगला आहे. तो बघाच. मी तो सांगताना अडखळतो, कुणाला कारण ठाऊक नाही.

भागा म्हणजे माझी बायको. पाच-सहा वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. आधी बाजरीत खडे राहायला लागले. मग भाकरी करपायला लागली. मग एक दिवस मी दारात उभा राहिलो तर तिनं विचारलं, कोण आहे? लग्नाला पस्तीस-छत्तीस वर्षं झालेल्या नवऱ्याला विचारलं.

त्याआधी घर तिचं होतं. बैल कुठला घ्यायचा, पोर कुठल्या घरी द्यायची, बांधावरून कुणाशी भांडायचं आणि कुणाशी नाही, हे ती ठरवायची. मी मान हलवायचो. गावात माझ्याकडं कुणी काम घेऊन आलं तर दुसरा त्याला बाजूला घेऊन सांगायचा, तात्यांचा वेळ नको खाऊ, काकूंना विचार. मीही हसायचो. हसायचो खरा.

डोळे गेल्यावर ती तंबूत यायला तयार नव्हती. मी म्हणालो, चल, मी सांगतो. तंबूत गड्यांची बाजू वेगळी, बायांची वेगळी, मधे कमरेइतकी कनात. ती पलीकडे कनातीला टेकून बसायची, मी अलीकडे. बोलणं तिला ऐकू यायचंच. पण बोलपटात गप्प जागा असतात. कुणी नुसतंच बघतं, कुणी जिना चढतं, कुणी रडत बसतं, आणि मागं फक्त वाजंत्री. त्या जागा माझ्या. मी वाकून तिच्या कानाशी सांगायचो. हिंदी खेळ असला तर मग काय – सगळाच माझा.

आणि मी सांगायला लागलो की नुसतं दिसेल तेच सांगत नव्हतो, हे कबूल करतो. राजवाडा मोठा करायचो. राणीच्या अंगावर दागिने चढवायचो. आजूबाजूच्या बाया कान देऊन ऐकायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. शेजारची चंद्राबाई एकदा रीळ बदलताना मोठ्यानं म्हणाली, "तात्या, घोडा पांढरा हाय, तुमी काळा केला. तुमचा शिनेमा येगळा आन् आमचा येगळा."

भागा म्हणाली, "असू दे की. मला ह्यांचाच बरा वाटतो."

सगळा तंबू हसला. मी पण हसलो. पण त्या वाक्यानं माझं काय झालं ते कसं सांगू? जन्मात पहिल्यांदा तिला माझं काहीतरी बरं वाटलं होतं. घरी येताना ती गाडीत बसून विचारत राहायची, मग त्या राणीनं काय केलं, तिचं लुगडं कुठल्या रंगाचं होतं? बोलपटात काळं आणि पांढरं सोडून रंग असतोय कुठं? मी हिरवं म्हणायचो. तिला हिरवं आवडायचं.

आता खरं तेच सांगतो. फिरवून फिरवून किती फिरवणार.

मी तिला खेळ सांगितलेला तो पहिला हंगाम संपला आणि मी बाजरी घेऊन नगरला गेलो. तिथं डोळ्यांचे एक डॉक्टर होते. भागानंच सांगून पाठवलं होतं, इचारून या. मी विचारलं. ते म्हणाले, घेऊन या, बघतो, पण तुम्ही सांगता त्यावरून मोतीबिंदू पिकलाय, निघेल. थंडीत आणा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून काही दिवस न हलता पडून राहावं लागेल, एवढंच. त्यांनी मला ओसरीवर बसलेली एक म्हातारी दाखवली. डोळ्यांची पट्टी त्याच दिवशी सुटलेली. ती स्वतःच्या हाताची बोटं बघत बसली होती, उलटी करून, सुलटी करून.

मी घरी आलो आणि भागाला सांगितलं – डॉक्टर म्हणाले, आता उपयोग नाही. उशीर झाला.

ती चुलीपुढं बसली होती. बरं, म्हणाली. एवढंच.

का सांगितलं असं? भीती वाटली म्हणू? कापाकापीला लोक भितात, खपून जाईल. पण मला भीती वाटली नव्हती. त्या म्हातारीची बोटं बघताना मला एकच गोष्ट वाटली – हिला दिसायला लागलं की मी कनातीपाशी बसून काय करू? मग पुन्हा बैल ती ठरवणार. पुन्हा लोक म्हणणार, काकूंना विचार. नगरहून गाव येईपर्यंत मी हाच विचार केला. बैल आपले चालत होते. पुरेसा वेळ होता. घाईत बोललो असंही म्हणता यायचं नाही.

नंतर तीन थंड्या गेल्या. प्रत्येक थंडीत तंबू आला आणि प्रत्येक थंडीत मी तिला खेळ सांगितले. तिचा हात धरून नेलं, हात धरून आणलं. गाव म्हणायचं, नवरा असावा तर असा. मी ऐकून घ्यायचो.

शेवटचा खेळ त्या कुंभारणीचा होता, गेल्या थंडीतला, हिंदी. नवीनच आला होता, मी गठ्ठे उतरवताना तंबूवाल्याकडून गोष्ट ऐकली नव्हती, नाहीतर तिला नेलंच नसतं. कुंभारीण आंधळी. लेक परदेशी गेलेला. ती नुसत्या हातानं मडकी घडवते. शेवटी लेक एका वैद्याला घेऊन येतो. वैद्य तिच्या डोळ्यांची पट्टी सोडतो – आणि तिथं बोलणं नाही. नुसती सनई. ती डोळे उघडते, आधी दिव्याकडे बघते, मग आपल्या मडक्यांकडे, मग लेकाकडे.

बायांच्या बाजूनं टाळ्या पडल्या. कुणी हुंदके देत होतं. भागानं कनातीवरून माझी बाही ओढली, काय झालं, काय झालं? चंद्राबाई त्या दिवशी लेकीकडं गेली होती. खरं सांगणारं जवळ कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "लेक आला. तिनं त्याला हातानं चाचपून वळखलं."

गाडीत ती सरकून माझ्याजवळ बसली. मग म्हणाली, "अवं, तुमचं केस पिकलं का?"

मी म्हणालो, थोडे.

"त्या डाक्टरला परत एकदा इचारता का? दुसरा कुनी आला आसंल. लई न्हाई, येकदा तुमचं त्वांड बघावं वाटतंय."

त्या वेळी सांगता आलं असतं. गाडीत दोघंच होतो. थंडी सुरू झाली होती, दुसऱ्या दिवशी निघता आलं असतं. मी म्हणालो, "येकदा सांगितलं ना. किती बारी इचारायचं?"

बरं, म्हणाली.

पहाटे तिच्या छातीत कळ आली. मी पाणी आणायला उठलो, तेवढ्यात सगळं संपलं.

सकाळी तिचा धाकटा भाऊ आला, महादू. बायांनी तिला अंघोळ घालून हिरवं लुगडं नेसवलं होतं. तो बहिणीजवळ बराच वेळ बसला. मग बाहेर माझ्याकडं आला. म्हणाला, दाजी, एक विचारू का – तिच्या डोळ्यांचं खरंच काही होण्यासारखं नव्हतं?

ती आत होती. दार उघडं होतं.

मी म्हणालो, "न्हाई. डाक्टरनंच सांगितलं हुतं."

तो रडायला लागला. "दाजी, तुमी तिचं डोळं झाला," म्हणाला, आणि त्यानं खाली वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी पाय मागं घेतले नाहीत.