विद्यापीठाच्या बागेतली पहिली भेट

आमचं धुळ्याला कापडाचं दुकान. घरच्यांनी मला जळगावची एक मुलगी सुचवली, ती वनस्पतिशास्त्र शिकत होती. सगळ्यांच्या देखत पोहे खात बसण्यापेक्षा विद्यापीठाच्या बागेत भेटू, असं तिनंच कळवलं. आई जरा नाराज झाली. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं.

थंडीचे दिवस होते. बागेत एकीकडे सातपुड्यातली रानझाडं लावलेली, तर दुसरीकडे आसपासच्या वस्तीतल्या बायकांचे भाजीचे वाफे. ती झाडं दाखवत पुढं चालली होती. हा मोह, हा अंजन, ही धामण. मी नुसता "हो का, हो का" करत होतो.

कुंपणावरच्या एका वेलीला तपकिरी शेंगा लटकत होत्या. वर दाट, चमकदार लव. दुकानदाराचा हात तो! बोटं आपोआप पुढं गेली. मी एक शेंग तळव्यावरून फिरवली. "वा, अगदी मखमल!"

"अहो, नका!" ती ओरडली. "खाजकुइली आहे ती!"

तोवर तळहात पेटला होता. तोच हात मी मनगटाला लावला, मग मानेला, आणि मग कुठं कुठं लावला ते विचारू नका. ती आधी घाबरली. मग तिला हसू आवरेना. "सॉरी," म्हणायची आणि पुन्हा हसत सुटायची.

वाफ्यातून एक म्हाताऱ्या आक्का लगबगीनं आल्या. "खाजू नको भाऊ! जितलं खाजशी, तितलं पसरी!" खतासाठी ठेवलेलं ओलं शेण त्यांनी माझ्या हातांना आणि मानेला थापलं. "आते सुकू दे. बठ्ठं निंघी जाई." वाळलेल्या शेणाबरोबर सगळी कुसं निघून येतात, असं त्यांचं म्हणणं.

नव्या कोऱ्या शर्टात, दोन्ही हात अंगापासून लांब धरून मी बाकावर उन्हात बसलो. ती शेजारी. आता रुबाब दाखवण्यासारखं माझ्याकडं काही उरलंच नव्हतं, त्यामुळे बोलणं सोपं झालं.

"मला लग्नानंतरही शिकायचंय," ती म्हणाली.

"शिका की."

"आणि मला साड्यांची फारशी आवड नाही."

"मलाही नाही. दिवसभर त्याच बघतो."

शेण वाळल्यावर तिनं नळाखाली माझे हात धुऊन दिले. आक्का कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "लगीन व्हयनं का तुमनं?"

"अजून नाही," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

"मंग करी ल्या!"

घरी आल्यावर आईनं दारातच नाक दाबलं. "मुलीचं नंतर सांग, आधी अंघोळ!" मी न्हाणीतूनच ओरडून सांगितलं, मुलगी पसंत आहे. तिचा होकार दुसऱ्या दिवशी आला.

आमच्या लग्नाला आक्का आल्या, त्या वाफ्यातली हिरवी वांगी टोपलीभर घेऊन. आचाऱ्यानं त्याच दिवशी त्या वांग्यांचं भरीत केलं, आणि पंगतीत जिलेबीपेक्षा तेच आधी संपलं.