लाकडावर पेटलेला टेस्टर

आधीच सांगतो, भूत-बित, करणी, भानामती, अंगात येणं... असल्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आलोय. आमच्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हाच घरातला देव्हारा गेला. त्यामुळे आमच्याकडे देव नव्हते, आणि भुतंही नव्हती. त्यात मी धंद्याने इलेक्ट्रिशियन. टेस्टर लावला, दिवा लागला तर आहे... नाही लागला तर नाही. संपला विषय! चाळीत कुणी चिंचेखाली काय दिसलं ते रंगवून सांगायला लागला की मी विचारायचो, "टेस्टर लावून बघितलास का रे?"

तरी लिहायला बसलोय, कारण सुमनने सहा महिने माझं डोकं खाल्लंय. ती हे सदर न चुकता वाचते. "दादा, तुमचा अनुभव लिहाच, लोकांना कळू दे." कोण सुमन, ते येईलच पुढे.

साल एकोणीसशे एकोणऐंशी, थंडीचे दिवस. मी पिंपरीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला होतो, राहायला काळेवाडीत भाड्याची खोली. आमची सुट्टी रविवारी नसायची, गुरुवारी असायची. गुरुवारी मी ओळखीच्या घरांत इस्त्री, शेगडी, गिझर असली कामं करायचो. बंब जाऊन गिझर येण्याचे ते दिवस. घरात गिझर बसला की बाई चार बिल्डिंगींत सांगून यायची, पण बिघडला की त्याला हात लावणारा माणूस सापडायचा नाही.

मला हे काम तुकामामांनी शिकवलं. आमच्याच खात्यातले, भोसरी गावठाणातले. शाळा चौथीपर्यंत, पण मोटरला कान लावून तिचं दुखणं सांगायचे. त्यांचे नियम ठरलेले. फ्यूज काढला की तो स्वतःच्या खिशात घालायचा, म्हणजे मागून कुणी लावायला नको. संशय असेल त्या वस्तूला आधी उलटा हात लावायचा, कारण सुलट्या हाताची मूठ वळते आणि माणूस चिकटतो. आणि गिझरच्या बाबतीत एकच... "मिलिंदा, गिझर टपकतोय म्हंजी रडतोय. का रडतोय ते आदी बघ. त्याचं त्वांड दाबू नगंस."

सत्त्याहत्तरला मामा कावीळ होऊन गेले. त्यांच्या मुलाने त्यांचा टेस्टर मला आणून दिला. मुठीला पिवळी टेप गुंडाळलेला, साधा. तो मी कायम शर्टाच्या खिशात ठेवायचो.

चिंचवड स्टेशनच्या मागच्या अंगाला एक तीन मजली सोसायटी होती. वर शेवटच्या मजल्यावर वाघकाका राहायचे. आमच्याच कंपनीत, मशीन शॉपला. त्यांची मुलगी सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, मुलगा झालेला. त्या घरात तेव्हा गरम पाण्याला दुधापेक्षा जास्त मान होता. मालिशवाली बाई यायची, मग बाळाची अंघोळ, मग बाळंतिणीची, मग लंगोट-दुपटी. आणि नेमका गिझर बंद पडला.

पहिल्या गुरुवारी गेलो. उघडून बघतो तर आतल्या रॉडवर बोरच्या पाण्याचा बोटभर पांढरा थर, आणि थर्मोस्टॅट मेलेला. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी पुरेसं तापलं की आपोआप वीज तोडतो तो तुकडा. रॉड खरवडून साफ केला. थर्मोस्टॅट चिंचवडात मिळेना, पुण्याला जायला हवं होतं. वाघमावशी दारात उभ्या. "मिलिंदा, आजच्या आज चालू कर बाबा. लेकरू गारठतंय."

मग आम्ही सगळेच करायचो ते केलं. थर्मोस्टॅट बाजूला सारून दोन वायरी जोडल्या... डायरेक्ट! "मावशी, आता हा आपणहून बंद होणार नाही बरं का. घड्याळ लावून वीस मिनिटं, मग बटण बंद." मावशींनी मान हलवली. पाणी तापलं. चहा झाला, बाळ बघून झालं. त्याने माझं बोट धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या गुरुवारी पुन्हा निरोप. आता म्हणे गिझर वरून टपकतोय. गेलो तर टाकीच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून कढत थेंब गळत होते. मावशी वैतागलेल्या. "काल बाळाला घेऊन बसले आणि थेंब त्याच्या पायावर उडाला रे! फोड आलाय. तू आधी ते गळणं बंद कर."

आता वाचणाऱ्याला कळलं असेल. मला नाही कळलं. पाणी नको इतकं तापत होतं, वाफ कोंडत होती, म्हणून व्हॉल्व्ह बिचारा ती बाहेर सोडत होता. त्याचं कामच ते! आणि पाणी का तापत होतं, तर मीच आठ दिवसांपूर्वी डायरेक्ट करून ठेवलं होतं म्हणून. पण त्या दिवशी मला अजून दोन घरं करायची होती, आणि बाळाच्या पायावरचा फोड बघून मलाही कसंतरी झालं होतं. अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय. नवा व्हॉल्व्ह पुढच्या गुरुवारी आणतो म्हणालो, जुना काढला, आणि त्या जागी गळू नये म्हणून सुतळी-सफेदा लावून अर्ध्या इंचाचा डमी आवळला. डमी म्हणजे लोखंडी बूच.

आवळून झाल्यावर सवयीने टेस्टर लावला. दिवा पेटला.

फ्यूज माझ्या खिशात होता. चाचपून बघितला, होता. पुन्हा टेस्टर लावला... पुन्हा पेटला, चांगला लालभडक. मावशी म्हणाल्या, "काय झालं रे?" मी म्हटलं, "काही नाही, टेस्टर म्हातारा झालाय." मनात म्हटलं, शेजारच्या घरातून पाइपात करंट उतरत असेल, तेही होतं कधीकधी. खरं तर तेही बघायला पाहिजे होतं. नाही बघितलं. फ्यूज लावला आणि निघालो.

शुक्रवारी फर्स्ट शिफ्ट. सकाळचे सव्वाआठ झाले असतील. खात्यात लाकडी टेबलावर एक मोटर उघडून बसलो होतो, समोर आमच्याच खात्यातला महादू. तो एकदम म्हणाला, "राव, खिशात काय पेटलंय तुझ्या?"

खाली बघितलं. शर्टाच्या खिशात टेस्टरचा दिवा लागलेला.

तो बाहेर काढला. हातात धरला तरी चालूच. मोटर सुटी, तिला वायर नाही. टेबलाला टेकवला... लाकडाला! पेटलेलाच. भिंतीला लावला, पेटलेला. महादूने हसत चहाचा काचेचा ग्लास पुढे केला, "ह्याला लाव." ग्लासला लावला. लख्ख. महादूचं हसू गेलं आणि त्याने ग्लास खाली ठेवला. "मिल्या, ठेव ते खाली. ठेव म्हणतो ना."

मी इलेक्ट्रिशियन आहे हो. लाकडावर टेस्टर पेटत नाही. काचेवर पेटत नाही. खिशात तर नाहीच नाही.

आणि मग त्या पिवळ्या टेपकडे बघता बघता मला मामांचं वाक्य आठवलं. आवाज-बिवाज काही आला नाही, उगाच मीठमसाला लावणार नाही. नुसतं आठवलं. त्याचं तोंड दाबू नकोस. पाठोपाठ बाकीचं सगळं आठवलं — थर्मोस्टॅट डायरेक्ट, आणि वर डमी. आपोआप बंद होणार नाही, आणि वाफेला वाट नाही. मी त्या बाथरूममध्ये बॉम्ब बसवून आलो होतो.

वाघकाका त्या आठवड्यात सेकंड शिफ्टला होते आणि सकाळी गावी शेताचं काम बघून येतो म्हणाले होते. घरात फोन नाही. मी तसाच सुटलो. गेटवर वॉचमन ओरडला, "गेटपास?" मी सायकल घेतली आणि निघालो. पिंपरीहून चिंचवड स्टेशन मोठ्या रस्त्याने पंधरा मिनिटं लागतात, त्या दिवशी किती लागली माहीत नाही. ट्रकवाले शिव्या देत होते. मी मोठमोठ्याने आकडे म्हणत होतो, वीस मिनिटं, वीस मिनिटं... मावशींनी बटण बंद केलं असेल, घड्याळ लावलं असेल, शहाणी बाई आहे.

पण त्या दिवशी मालिशवाली उशिरा आली होती. मावशींनी गिझर सातलाच लावून ठेवला होता, ती आली की पाणी तयार असावं म्हणून. नंतर बाळ रडायला लागलं आणि गिझर डोक्यातून गेला.

बिल्डिंगखालूनच मी बोंब मारली. "सुमन! बाळाला घेऊन खाली ये! सगळे बाहेर या!" ती गॅलरीत आली, बाळ खांद्यावर. "काय झालं दादा? आई पाणी काढतेय..." मी म्हटलं, "आधी खाली ये, काही विचारू नकोस!" माझा चेहरा बघून ती पळाली, मागोमाग मालिशवाली. त्या दोघी मला पहिल्या मजल्याच्या वळणावर भेटल्या. मी त्यांना ओलांडून वर चार पायऱ्या चढलो असेन, तेवढ्यात गिझर उडाला.

आवाजाचं काय सांगू. जिना हलला, वरून चुना पडला, आणि मग सगळीकडे वाफ. त्या वाफेतून काहीतरी टण् टण् करत एकेक पायरी उतरत आलं आणि माझ्या पायाशी येऊन थांबलं.

डमी होता. सुतळी जळत होती त्याची.

मी तो उचलला. उलटा हात, सुलटा हात... काही सुचलं नाही. सरळ मुठीत धरला आणि खिशात घातला. कातडी चिकटली तेव्हाही सोडला नाही. त्यानंतर वर गेलो.

मावशींना मीच उचलून खाली आणलं. शुद्धीवर होत्या. "बाळ?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "बाळ बरं आहे मावशी, सुमनपाशी आहे." त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये वारल्या.

पोलीस आले, पंचनामा झाला. जुना गिझर, फुटला. मला कुणी काही विचारलं नाही. उलट गेटपास न घेता पळालो म्हणून कंपनीने मेमो दिला, तेव्हा वाघकाका डोकं भादरलेलं, तसेच साहेबांसमोर उभे राहिले. "ह्या पोराने माझी लेक आणि नातू वाचवला साहेब." मेमो फाडला गेला. मी खाली मान घालून उभा होतो, सगळ्यांना वाटलं विनय आहे.

सुमनने महिनाभराने विचारलं, "दादा, तुम्हाला कसं कळलं?" मी टेस्टरचं सांगितलं, महादूने ग्लासाचं सांगितलं. तेवढंच सांगितलं. तेव्हापासून तिच्या लेखी मी कुणीतरी मोठा माणूस आहे. देवासारखे धावून आलात म्हणते... मला! दर राखीपौर्णिमेला येते. राखी बांधताना माझा तळहात उलटा करून त्या डागावर बोट फिरवते आणि नातवंडांना सांगते, "हा माझ्या आईला उचलताना भाजला." ते बाळ आता पंचेचाळिशीचा बाप्या झालाय, तोही पाया पडतो. चाळीसच्या वर राख्या झाल्या असतील.

महादू गेला. काका गेले. टेस्टर माझ्यापाशी आहे. त्या शनिवारपासून आजपर्यंत तो पुन्हा एकदाही पेटलेला नाही, चालू वायरीवरसुद्धा नाही. उघडून बघितलाय, आतला दिवा चांगला आहे. गुरुवारी तो का पेटला, शुक्रवारी लाकडावर कसा पेटला, ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि आता ह्या वयात मिळेल असं वाटत नाही.

पण सुमन, बाकीच्याचं आहे. तू लिही लिही म्हणालीस म्हणून लिहिलं, तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. माझ्या तळहाताचा डाग तुझ्या आईला उचलताना पडलेला नाही. डमी इथेच आहे, टेस्टरच्या डब्यात. येशील तेव्हा दाखवतो... आलीस तर.